हयातीपुरतं घर

बाबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं: बेगडेवाडीचं घर पत्नी शालन हिने हयात असेपर्यंत उपभोगावं, तिच्या पश्चात ते मुलगा प्रज्ञेश याचं व्हावं. आईला वाचता येत नव्हतं. घरात वाचणारी म्हणून माझी ख्याती, त्यामुळे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

संडास परसात होता. गुडघे धरू लागले तसा आईला तो आत, मोरीला लागून हवासा झाला. तिनं गवंडीसुद्धा पाहून ठेवला. प्रज्ञेश म्हणाला, पुढं घर पाडूनच बांधायचंय, आत्ता भिंत कशाला फोडता? मग आईनं मला विचारलं.

"पोरी, कागदात काय लिवलंय? मला हात लावता येतो का न्हाई?"

पुढच्या मालकाचं नुकसान होईल असं काही करता येत नाही, एवढं मी कुठंतरी वाचलं होतं. तेच सांगितलं. घर त्याचं, तुला फक्त राहायचंय. तिनं गवंड्याला नको म्हणून निरोप धाडला. त्यानंतर भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी ती प्रज्ञेशला फोन करून विचारायची.

चार वर्षं ती परसात जात राहिली. यंदा जानेवारीत भर दुपारी तिथंच घसरली. खुबा मोडला, आणि महिन्याभरात ती गेली.

जलदान विधी झाल्यावर घराला प्रज्ञेशचं नाव लावायचं होतं. माझी संमती लागणार म्हणून आम्ही दोघं तळेगावला वकील अनघा साळवे यांच्याकडे गेलो. आईनं घरात काही बांधकाम केलं होतं का, भाडेकरू ठेवले होते का, असं त्यांनी विचारलं. प्रज्ञेश नाही म्हणाला.

मी विचारलं, तिनं आत संडास बांधला असता तर?

"बांधला असता की. यांना अडवता आलं नसतं," त्या कागद चाळत म्हणाल्या. "हयात होत्या तोवर घर त्यांचंच होतं. विकायचं नाही, पाडायचं नाही, एवढंच. भाड्यानंसुद्धा देता आलं असतं."

त्यांनी बोट ठेवलं तिथं मी सही केली.

जिना उतरताना प्रज्ञेशनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

"बरं झालं ताई, तू आईला समजावलंस," तो म्हणाला. "माझं तिनं ऐकलं नसतं."

तो मनापासून बोलत होता.