काळा शेवटी

रंगखात्याच्या मुकादम बाईंनी हातातले सहाही पत्ते टेबलावर पालथे घातले आणि चष्मा पुसायला घेतला. बाकीच्या तिन्ही टेबलांवर साहेबलोक खेळातल्या दुसऱ्या वर्षाला लागलेसुद्धा होते.

प्रत्येक टेबल म्हणजे कापड रंगवणारा एक कारखाना. पत्त्यावरची ऑर्डर रंगवायची, गडद रंगानंतर फिका घेतला तर टाकी धुण्याच्या पाण्यापोटी निळ्या चकत्या भरायच्या आणि त्या चकत्यांचा साठा पाच वर्षे पुरवायचा. पर्यावरणाचा धडा खेळातून दिला की डोक्यात राहतो, असे प्रशिक्षकाचे म्हणणे. बाईंना बोलावले होते ते चौथे टेबल रिकामे दिसू नये म्हणून. खऱ्या कारखान्यात पाण्याचा वापर पाव हिश्शाने कमी झाला नाही, तर महिनाअखेर रंगखातेच बंद होणार होते. तिथली पस्तीस माणसे घरी बसणार, त्यांत बाईंची सूनही. बाईंना रात्रीची झोप नव्हती.

"बाई, पत्ता आला की टाकायचा," विक्रीचे साहेब शेजारच्या टेबलावरून समजावू लागले. "अशाने मागे पडाल."

"आला तसाच टाकायचा, असं नियमात आहे?"

प्रशिक्षकाने पुस्तिका दोनदा चाळली.

"तसं लिहिलेलं नाही. पण सगळे तसंच खेळतात."

"कारखान्यातही," बाई म्हणाल्या आणि पत्ते लावू लागल्या. आधी पांढुरका, मग पिवळा, लाल, सगळ्यांत शेवटी काळा. टाकी वर्षातून एकदाच धुतली.

साहेबलोकांनी महागडी यंत्रे घेतली, वाद घातले आणि चौथ्या वर्षी ते कोरडे पडले. बाईंची पाच वर्षे पुरी झाली तेव्हा अकरा चकत्या उरल्या होत्या. प्रशिक्षकाने त्या पुन्हा मोजल्या. बाईंना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांनी ग्लासभर पाणी पिऊन घेतले.

मॅनेजर उठून बाईंच्या टेबलाशी आले.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तीनदा सांगितलं. घाईची ऑर्डर आहे म्हणून तिन्ही वेळा वाटाण्याच्या अक्षता लावल्यात."

विक्रीचे साहेब बुटांकडे पाहू लागले. मॅनेजरांचे कान लाल झाले, पण माणूस सरळ होता.

"खातं बंद होणार नाही. ही माझी जबाबदारी," ते म्हणाले आणि तिथूनच त्यांनी रंगखात्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा.

"आज टाकीत काय घेताय?"

"काळा, घाईचा आहे," पलीकडून एक बाई म्हणाली. "मग पांढुरका."

"काळा थांबवा. आधी पांढुरका घ्या."

"कोण बोलतंय?"

"मॅनेजर."

"बरं साहेब. थांबा हं, आत्याबाईंना विचारून सांगते."

फोन बंद झाला. दुसऱ्याच क्षणी मुकादम बाईंच्या पिशवीत फोन वाजू लागला. सुनेचाच होता. बाईंनी संकोचून साहेबांकडे पाहिले.

"घ्या, बाई," मॅनेजर म्हणाले. "कारखाना खोळंबलाय."