खिडकीएवढी जागा

"बास करा आता, दिसतंय मला," बायको पलंगावरून म्हणाली.

"थांब गं, अजून दोन बोटं," असं म्हणत मास्तरांनी स्टुलावर उभं राहून खिडकीबाहेरच्या वेलीची आणखी पानं कापली. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतलेला माणूस तो. मापात बसल्याशिवाय हात थांबेल तर शपथ.

वेलीत बुलबुलाचं घरटं होतं. चार महिन्यांपूर्वी बायकोची डावी बाजू लुळी पडली आणि पलंग न् खिडकी एवढंच तिचं जग उरलं. पिल्लांची चिवचिव ऐकू यायची, दिसत काही नव्हतं. अन्नावरची तर तिची वासनाच उडाली होती. दोन घास झाले की तोंड फिरवायची, "आता नको झालंय हो सगळं" म्हणायची. हिला जगावंसं वाटलं पाहिजे, बाकी काही नको, एवढाच मास्तरांचा धोशा होता.

आणि खरंच गुण आला की! तीन उघड्या चोची बघून बाई वाकड्या तोंडाने का होईना, हसली. त्या दिवशी ताटलीत काही उरलं नाही.

मास्तरांना धास्ती होती ती शेजारच्या बोक्याची. रोज तपासणीला यावं तसा ऐटीत यायचा, म्हणून त्याचं नाव साहेब. तो कुंपणावर दिसला रे दिसला की बुलबुल शेंडी ताठ करून ओरडायचे. मग साळुंक्या यायच्या, चिमण्या यायच्या, आणि सगळे मिळून असा कालवा करायचे की साहेब, आपण सहजच आलो होतो, असा चेहरा करून निघून जायचे. तरी मास्तरांनी वेलीच्या बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळला.

"आता चढ म्हणावं," ते म्हणाले.

"तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार?" बायको म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने त्यांची थट्टा केली होती.

पाचव्या दिवशी सकाळी मास्तर औषधं आणायला गेले. परत आले तर फाटकातूनच दिसलं: बुलबुलाची जोडी तारेवरून वेलीवर, वेलीवरून तारेवर करत होती. मादीच्या चोचीत अळी तशीच होती. घरटं एका बाजूला उसवून लोंबत होतं आणि भिंतीवर कावळा चोच पुसत बसला होता. खालचा पत्रा जिथल्या तिथे होता. वरून घरटं झाकणारी पानं मात्र मास्तरांनीच उतरवली होती.

आपण हे काय करून बसलो, आणि आत जाऊन तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

ते आत गेले. बायको छताकडे बघत पडली होती. खिडकीखाली स्टीलचा पेला पडला होता आणि भिंतीवरून पाण्याचे ओघळ आले होते.

"पेला सुटला हातातून," ती म्हणाली.

पलंगापासून खिडकी चांगली सहा फूट होती. मास्तरांनी पेला उचलला. त्याला पोचा आला होता.

"अगं, पिल्लं..." त्यांनी सुरुवात केली.

"उडाली," ती म्हणाली. "एकेक करून. छान उडाली. तुम्ही हवे होतात."

कालपर्यंत पिल्लांच्या पंखांना धड पिसं नव्हती, हे दोघांनीही पाहिलं होतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. उशी कानापाशी ओली झाली होती. खरं सांगून मोकळं व्हावं, असं त्यांना फार वाटलं. पण तिने इतक्या कष्टाने उभं केलेलं ते खोटं मोडायचा त्यांना धीर झाला नाही.

"उडायचीच होती," ते म्हणाले.

बाहेर बुलबुलांची हाक चालूच होती. बायको जरा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "वाढा ना मला. भूक लागलीय."

मास्तर ताटली घेऊन तिच्या उशाशी बसले. घास घशाखाली उतरत नव्हता, तरी ती गिळत होती आणि पुढच्यासाठी तोंड उघडत होती. मास्तर भरवत राहिले. तिने ताटलीत काही उरू दिलं नाही.