तिसरा इशारा

त्या आठवड्यात तिने दोनदा वादळाचा इशारा दिला आणि दोन्ही वेळा लख्ख ऊन पडलं. सोमवारी बाजार बंद राहिला, बुधवारी शाळा. गुरुवारी सकाळी दूधवाल्यानेही दारात विचारलं, "ताई, आज छत्री घेऊ की टोपी?" ती हसली. हसायचेही आता कष्ट पडत होते.

वेधशाळेत तिची बावीस वर्षं गेली होती, पण शरदातली ही किनाऱ्यावरची वादळं तिला कधी वश झाली नाहीत. समुद्राचं पाणी अजून कोमट असतं, वरून गार हवा उतरते आणि तासाभरात ढग डोंगराएवढे होतात. कधी मात्र नुसतीच हूल देतात.

सकाळी आकाशात सोडलेल्या हवामानाच्या फुग्याने पाठवलेले आकडे बुधवारपेक्षा वाईट होते. पण बुधवारचे तरी कुठे चांगले होते?

"आज दमानं घ्या," साहेब म्हणाले. "लांडगा आला रे आला झालंय आपलं. तीन वाजता रडारवर काय दिसतंय ते बघू, मग ठरवू."

खरं तर तिलाही तेच हवं होतं. चार दिवसांत धड झोप नव्हती. 'हलक्या सरींची शक्यता' एवढं लिहून तिने पत्रक धाडून दिलं.

साडेबाराला धाकट्या भावाचा फोन आला. खाडीवर त्याची फेरीबोट होती.

"ताई, तीनच्या फेरीला चाळीस माणसं आहेत. तुझ्यापायी दोन दिवस शिव्या खाल्ल्यात मी. आज सोडतो हं."

"नको सोडूस." तिच्या तोंडून निघून गेलं.

"अगं, तुमच्या पत्रकात तर काहीच नाही!"

भावाला एक सांगायचं आणि जगाला दुसरं, हे तिच्या गळी उतरेना. "दहा मिनिटांनी पत्रक परत बघ," म्हणून तिने फोन ठेवला आणि साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "फसलं तर उद्याचे फोन तुम्ही घ्यायचे."

"घेईन."

इशारा गेला. लगेच फोन खणाणू लागले. एका हॉटेलवाल्याने तर तिची अक्कलच काढली. दोन वाजले, अडीच वाजले, ऊन तसंच. साहेब दोनदा खिडकीशी जाऊन आकाश बघून आले, तेच तिला जास्त लागलं.

तीनला पाच कमी असताना रडारवर खाडीच्या तोंडाशी लाल डाग उमटला. सव्वातीनला खिडक्यांच्या काचा थरथरल्या. विजा, गारा, वारा. वीस मिनिटांत सगळं आटोपलंही.

चारला भावाचा फोन. "धक्क्याला बांधली होती. दोर तुटला, खडकावर आपटून दोन तुकडे झाले."

"आत कोणी?"

"कोणी नाही. सगळे शेडखाली उभे राहून मला शिव्या देत होते." तो थांबला. "बोट गेली गं, ताई."

काम संपल्यावर ती घरी न जाता बसने धक्क्यावर गेली. तो पायरीवर बसला होता, ओल्याच कपड्यांत. ती शेजारी टेकली. समोर फळ्या तरंगत होत्या.

"उद्या कसं आहे?" त्याने विचारलं.

"अजून बघितलं नाही रे," ती म्हणाली आणि तिने चपला काढून पाय पाण्यात सोडले. पाणी अजून कोमटच होतं.