काठीवरचा दुसरा हात

शिवड्याच्या डोहात ज्याची काठी मोडली नाही असा गळ टाकणारा गावात नव्हता, आणि ती का मोडली हे छातीठोकपणे न सांगणाराही नव्हता. कुणी म्हणे, काठीचा बांबू, म्हणजे कळक, चांदण्यात तोडला होता, म्हणून आतनं भुंगा लागला. कुणी म्हणे, डोहात साती आसरा आहेत, त्या मोडतात. बाळासोचं तर म्हणणं, गळ टाकताना त्याची सासू काठी ओलांडून गेली. सासू तेव्हा मरून गेलेली होती, पण बाळासोशी डोकं कोण लावणार? स्वतःच्या हाताला सोडून बाकी सगळ्यांना दोष देऊन झाला होता.

मासा मात्र खरा होता. कराडच्या खाली कृष्णा एका काळ्या खडकाला वळसा घालते, तिथं हा डोह. उन्हाळ्यात नदी गुडघ्यावर आली तरी इथं तळ लागत नसे. त्यात हा शिवडा राहायचा. अंगावर एक खवलं नाही, दोन लांब मिशा, आणि तोंड केवढं, तर बदकाचं पिल्लू त्यानं सगळ्यांदेखत पाण्यावरून उचलून नेलं होतं. चांगल्या मनगटाएवढ्या काठ्या त्यानं मोडल्या होत्या.

कृष्णातला हे सगळं ऐकून हसू यायचं. एरवी त्याला हसू यावं असं फारसं काही उरलं नव्हतं. पंधरा वर्षं पलटणीत काढून, एकाहत्तरच्या लढाईत उजव्या हाताची तीन बोटं घालवून तो गावी आला होता. आला त्या दिवशी हलगी वाजली, फेटा बांधला, नारळ दिला. आणि दुसऱ्या दिवसापासनं त्याला कुणी कामाला हात लावू दिला नाही. बैलाचा कासरा धरला की धाकटा भाऊ सयाजी पळत यायचा. "आण्णा, तू बस. आमी कशाला हाय?" इंजिनाला हँडल मारायला गेला तरी तेच, वैरण काढायला गेला तरी तेच. बस, बस आणि बस! अरे, माणूस आहे का देव्हाऱ्यातला टाक?

त्याला हवी होती ती फक्त मळी. नदीकाठचा तो जमिनीचा काळाभोर तुकडा. ऊस तुम्ही बघा, वाटणीचं नाव मी काढत नाही; पण मळीत वांगी-मिरची मी माझ्या हातानं लावीन, एवढंच त्याचं मागणं. सयाजी नाही म्हणायचा नाही. 'बगू की आण्णा' म्हणायचा, आणि त्या 'बगू की'मध्ये दोन हंगाम निघून गेले. शेवटी रहिमानच्या सायकल दुकानापुढं चारचौघांत कृष्णातनं विषय काढलाच. सयाजी हसला.

"आण्णा, नांगराची मूठ धराय हात लागतो बग. तू त्यो शिवडा काढून दाव, त्याच दिवशी मळी तुजी!"

सगळे फिदीफिदी हसले. कृष्णातच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बोललास न्हवं? आता मागं फिरू नगंस," तो म्हणाला.

रहिमान त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पंक्चरी काढता काढता गळ टाकण्यात निम्मं आयुष्य घालवलेला. त्यानं एका मोडक्या सायकलच्या हबची, दोरी गुंडाळायची चरखी करून दिली आणि मिरजेहून नायलॉनची दोरी आणली. "दोरी बारीकच घे गड्या," तो म्हणाला. "लोक जाड दोरी लावत्यात. मग दोरी तुटत न्हाई आन् काठी जाती." कळक कृष्णातचा स्वतःचा होता. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, अख्खा पावसाळा चुलीवर टांगून धुरी दिलेला, करडीचं तेल पाजलेला. त्याला हात लावला की पोटातनं बरं वाटायचं.

आणि काठी का मोडते, ते त्याला ठाऊक होतं. बापानं शिकवलं होतं. कळक वाकतो म्हणून मोडत नाही. जिथं त्याचं वाकणं अडतं, तिथं मोडतो. मासा ओढू लागला की काठी आभाळाकडं ताठ धरू नये आणि तिला शेंड्यापासनं बुडापर्यंत गोल वाकू द्यावं. आणि काही झालं तरी मधे हात घालू नये. मधे हात गेला की वाकणं तिथंच थांबतं आणि सगळा जोर त्या जागी येतो. ह्या एका चुकीसाठी बाप बोटांवर छडी मारायचा. दोघा भावांनी ती खाल्ली होती, आणि सयाजी उतावळा म्हणून त्यानं जास्त खाल्ली होती.

ठरल्या दिवशी सकाळी निघताना बायकोनं, राहीबाईनं, भाकरी बांधून दिली.

"आवं, पान्यात उतरू नगा. भावजी येनार हायत न्हवं?"

"त्यो न्हाई आला तरी काय अडत न्हाई."

"येऊ द्यात की," ती म्हणाली, आणि भाकरीच्या फडक्याची गाठ उगाच पुन्हा आवळली.

डोहावर निम्मं गाव लोटलं होतं. धुणी तशीच टाकून बायका उभ्या होत्या. सयाजी अगदी पुढं, कृष्णातच्या खांद्याशी. कोंबडीची आतडी लावून कृष्णातनं गळ खडकाच्या सावलीत सोडला. बराच वेळ काहीच झालं नाही. लोक तंबाखू मळायला लागले, टवाळी करायला लागले. आणि एकदम चरखी किंचाळली.

गावानं नंतर काहीही सांगू दे, पण कृष्णातनं तो मासा खेळवला तसा त्या डोहात कुणी खेळवला नाही. काठीचं बूड डाव्या काखेत, उजव्या हाताचा अंगठा आणि उरलेलं बोट चरखीवर. चरखी दाबायला आणि फिरवायला तेवढं पुरत होतं. शिवडा खडकाकडं निघाला की हा दोरी सोडायचा, थांबला की गुंडाळायचा. तो खाली गेला की काठीही खाली, तो बाजूला गेला की हा काठानं त्याच्याबरोबर. कळक बुडापर्यंत गोल वाकला होता, आणि त्यातनं बारीकसा आवाजसुद्धा येत नव्हता. उन्हं वर आली. टवाळी कधीच थांबली होती. कुणीतरी म्हणालं, "आयला, काढतोय की रं ह्यो!"

आणि तो वर आला. पांढरं पोट उलटं, लांबी चांगली बाळासोच्या थोरल्या पोराएवढी. बायकांनी 'आगं बाई!' केलं. रहिमान बारदान घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लोक घाम समजतील म्हणून त्यानं ते पुसलंही नाही. गावी आल्यापासनं पहिल्यांदाच लोक त्याच्या तुटक्या हाताकडं बघत होते आणि कुणाच्याच तोंडावर कीव नव्हती. त्याला वाटलं, मळी मिळाली. वांग्याची रोपं कुठनं आणायची, तेसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

शिवड्यानं शेवटचा हिसका दिला. द्यायचाच होता. कृष्णात दोरी सोडत दोन पावलं पाण्यात सरकला. घसरला नव्हता, ठरवून सरकला होता.

"आण्णा, धरतो!" सयाजी ओरडला, आणि त्यानं झेप घेऊन दोन्ही हातांनी काठी मधोमध गच्च पकडली.

"मधे नगं! सोड, सयाजी, सोड!"

काडकन आवाज झाला. शेंडा पाण्यात गेला, फाटक्या कळकाच्या धारेवर दोरी कातरली, आणि डोह होता तसा शांत झाला.

सयाजीनं त्याला मिठी मारली. खरंच रडत होता की काय कोण जाणे. "वाचला रं माजा भाऊ! मी न्हाई धरलं तर गेला हुता." लोकांनीही लगेच माना डोलावल्या. भाऊ असावा तर असा! बाळासो म्हणाला, हातात जोर नसताना कशाला असली झेंगटं करावीत माणसानं? रहिमान पाण्यातनं ओरडून सांगत होता, "अरे, मधे धरली त्यानं! मी बगितलंय!" पण त्याचं ऐकतो कोण? सासूनं काठी ओलांडली ते पटतं ह्यांना, आणि डोळ्यांदेखत झालेलं पटत नाही. सयाजीनं कृष्णातचा खांदा थोपटला. "मळीचं मनाला लावून घिऊ नगं, आण्णा. वांगी काय, घरातच येनार हायती." त्याचं मुंडकं धरून तिथंच पाण्यात बुडवावं असं कृष्णातला वाटलं.

घरी राहीबाई त्याच्या हाताला तेल चोळत बसली. तो घरभर ऐकू जाईल असा बडबडत होता.

"ठरवून केलं त्यानं! मळी द्याची न्हवती. बानं शिकीवलेलं इसरला व्हय त्यो? पाठीत सुरा खुपसला माज्या! ह्या जल्मात त्याचं तोंड बगनार न्हाई."

तेल चोळणारा हात थांबला.

"त्यास्नी शिव्या देऊ नगा," राहीबाई म्हणाली. "मीच सांगितलं हुतं."

"काय?"

"कालच्याला म्हनलं, भावजी, त्यांच्याजवळ ऱ्हावा. मासा वडाय लागला की काठीला हात घाला. मला काय ठावं, कुठं धराची असती ती? म्हनलं, त्यांच्या हातानं कुठलं झेपायचं..."

कृष्णातनं हात मागं ओढून घेतला.

"म्हंजी मी काढंन असं तुला वाटलंच न्हवतं."

राहीबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. आज बोलली असती तर किती बरं झालं असतं.

"न्हाई," ती म्हणाली. "खरं सांगते, न्हाई वाटलं."

सयाजीला काठीची रीत माहीत होती. त्यानं वहिनीचा शब्द राखला का मळी राखली, हे आता कधीच कळणार नव्हतं. विचारलं तर तो म्हणणार, वैनीनंच सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. जन्मभर ज्याचा राग राग करायचा, तो माणूस एका वाक्यात सुटून गेला होता. आणि हिच्यावर चिडावं, तर ही पाण्याला भिऊन, त्याच्या जिवासाठी बोललेली. संताप तसाच राहिला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

चार दिवसांनी रहिमान सायकल मारत आला. दारातनंच ओरडला, "गड्या, शिवडा अजून हाय! आज सकाळी वर आलता. सयाजीचा शब्द काय एका दिवसाचा न्हवता. माज्याकडं झकास कळक हाय, दुसरी काठी करू. ह्या टायमाला सयाजीला मी काठावर बांधून घालतो!"

कृष्णातनं आत बघितलं. राहीबाई चुलीपुढं पाठमोरी होती. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले होते, पण ती वळली नाही.

"नगं," तो म्हणाला. "काढून तरी कुनाला दावू, रहिमान?"