पाठीवरचं निळं ठिगळ

बाळंतपणानंतर माझी वहिनी आरशात बघायचंच टाळायची. दिवसभर लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचे, घरी आलं की बाळ. स्वतःसाठी म्हणून तिला काही उरलंच नव्हतं; ताटातलं जेवणही अर्धं तसंच राहायचं. म्हणून तिने तिच्या लाडक्या चित्रकथेतल्या राखराणीचा पोशाख शिवायला घेतला, तेव्हा आम्हा सगळ्यांना बरंच वाटलं. चित्रकथांच्या चाहत्यांचा वेशभूषा मेळावा होता. त्या दिवशी दादाने बाळाला ठेवून घेतलं आणि सोबतीला मी, तिची नणंद, निघाले.

बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत मी पाठीची चेन वर ओढली आणि शिवण टर्रकन उसवली. कंबरेपासून थेट मानेपर्यंत.

वहिनी मटकन खाली बसली. "या अंगाने कसली आलीये राणी! चल घरी."

तेवढ्यात शेजारच्या पडद्याआडून हिरवंगार रंगवलेलं एक तोंड डोकावलं. डोक्यावर शिंगं.

"बघू," म्हणत ती राक्षसीण सरळ वहिनीच्या मागे येऊन बसली. "अहो, कापड कमी पडलंय. तुम्ही जास्त झालेल्या नाही आहात. कुणाकडे आहे का गं एखादा तुकडा?"

कोपऱ्यातली जलपरी पुढे आली, कात्री घेतली आणि तिने आपल्या लांबलचक निळ्या शेपटीचा काठ कचाकच कापला.

"अहो, तुमचा पोशाख!" वहिनी ओरडली.

"असू दे हो. सकाळपासून दोनदा अडखळून पडलेय त्यात."

राक्षसीण शिवत होती, मी टाचण्या देत होते. "माझ्या पहिल्या वेळी माझं एक शिंग दारातच राहिलं होतं," ती दाताने दोरा तोडत म्हणाली. "एकशिंगी राक्षसीण म्हणून मिरवले." वहिनी हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला असं खदखदून हसताना ऐकलं.

राखाडी पोशाखावर निळं ठिगळ उठून दिसत होतं. रंगमंचावर वहिनी आधी भिंतीला पाठ लावूनच चालली. पण समोरून राक्षसीण आणि जलपरी "फिर ना गं राणी, फिर!" म्हणून ओरडायला लागल्या, तशी तिने झोकात गिरकी घेतली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

खाली उतरल्यावर तिने दादाला फोन लावला.

"झोपलीये ती," तो म्हणाला. "तू कशी आहेस?"

वहिनीने लांब श्वास सोडला. "भूक लागलीये रे. कडकडून."