रविवारची हजेरी

वृद्धाश्रमाच्या गॅलरीत उभा राहून मुरोई कठड्याला बांधलेली अँटेना सोडवत होता. क्लबमधलं कुणी गेलं की त्याची अँटेना क्लबने उतरवायची, ही जपानमधल्या निइगाताच्या हौशी रेडिओवाल्यांची रीत. कुसाकाची अँटेना म्हणजे हातभर काडी. तिला एक माणूस पुरे होता. दुसरं कुणी यायला तयारही नव्हतं. दोन वर्षं कुसाका रुसून बसला होता, असं मुरोईनेच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

भांडण झालं ते हजेरीवरून. दर रविवारी सकाळी दहाला सगळे रेडिओवरून हाक द्यायचे आणि ज्याचा आवाज पोचेल त्याला मुरोई नावाने पुकारून हजेरी लावायचा. आधी थोडं थांबून कमजोर सेटवाल्यांना बोलू द्यायचं आणि मग बाकीच्यांना, अशी जुनी पद्धत. मुरोईने ती मोडीत काढली.

"कुणी बोलतंय का म्हणून किती वेळ गप्प बसायचं?"

"अरे, एफएम आहे हे," कुसाका तडकला होता. "इथे दोन आवाज एकत्र ऐकू येत नाहीत. मोठा लहानाला गिळून टाकतो, मागे खरखरसुद्धा उरत नाही. नवख्यांना तूच शिकवतोस ना?"

त्यानंतर हजेरीत कुसाकाचं नाव लागलं नाही.

"काका, आत या. चहा गार होतोय."

कुसाकाची मुलगी चिनात्सु टेबलापाशी बसली होती. समोर मुठीत मावेल एवढा सेट आणि एक वही.

"बाबांचा सेट बिघडला होता का हो? तीनदा दुरुस्तीला नेला मी. दुकानदार म्हणायचा, ठणठणीत आहे."

मुरोईने वही उघडली. दर रविवारची एक ओळ. 'दहाला हाक दिली. इकाराशीच्या आवाजाखाली दबलो.' पुढच्या रविवारीही तेच. क्लबमधल्या इकाराशीचं घर टेकडीवर, सेट पन्नास वॉटचा. अशा शंभरेक ओळी होत्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपाशी मुरोईचा अंगठा थांबला. त्या दिवशी इकाराशीला खोकल्याची उबळ आली, बोलण्यासाठी दाबून धरलेलं बटण सुटलं, आणि त्या फटीतून एक बारीक, थकलेला आवाज आला होता. चाळीस वर्षांच्या ओळखीचा. मुरोईने तो नीट ऐकला होता. बसू दे अजून थोडा रुसून, असं मनाशी म्हणत त्याने पुढचं नाव पुकारलं होतं. दोनच आठवड्यांनी कुसाका गेला.

त्या तारखेपुढे लिहिलं होतं, 'आज वाट मोकळी मिळाली, तरी मुरोईला ऐकू गेलं नाही. कान गेले वाटतं बिचाऱ्याचे. डॉक्टरकडे जा म्हणावं.'

मुरोईला स्वतःची किळस आली.

"शेवटपर्यंत हेच म्हणायचे बाबा," चिनात्सुने कप पुढे सरकवला. "ऐकू आलं असतं तर मुरोईने उत्तर दिलंच असतं. खरंच काका, दाखवलेत का हो कान?"

मुरोईने वही मिटली. मग सावकाश हात कानामागे नेला.

"काय म्हणालीस, पोरी? जरा मोठ्याने बोल."