डोली खाली ठेवण्याचं वेगळं

डोमनलाल पटेलांना कुणी कंजूस म्हटलं की ते चवताळत, आणि त्यांचं चवताळणं खोटं नव्हतं. शेजाऱ्याच्या कोठीतलं धान संपलं तर न मागता पोतं पाठवणारा हा माणूस. त्यांचं वैर होतं एकाच शब्दाशी, आणि तो शब्द म्हणजे 'वरचं'. ठरलं ते ठरलं, मग त्याच्यावर आणखी वरचं कशाला? इनाम म्हणा, नेग म्हणा, खुशी म्हणा, पानसुपारी म्हणा, पटेलांचं डोकं फिरलंच.

याला कारण झाली गोंदियाची एक धर्मशाळा. मुलाच्या, लखनलालच्या, लग्नाचा बस्ता बांधायला पटेल गोरेगावाजवळच्या आपल्या गावाहून गोंदियाला गेले आणि खोली फुकट मिळते म्हणून तिथे उतरले. सकाळी मुनीमजींनी गोड हसून सांगितलं की खोलीचं काही नाही, फक्त बाजेचं, विहिरीच्या दोराचं, बादलीचं आणि कुलपाचं तेवढं द्या.

"कुलूप तं मी लावलंच नाही!" पटेल म्हणाले.

"लगाया नहीं, मगर था तो सही," मुनीमजी म्हणाले.

पुढे झाडूवाल्यानं सलाम ठोकला, दरवानानं ठोकला, आणि जोडे राखणाऱ्यानं तर पटेलांचे जोडे हातात धरूनच ठोकला. पटेल नवे कोरे जोडे त्याच्याच हातात सोडून अनवाणी स्टेशनावर आले. तळपाय भाजले, पण वरचं दिलं नाही याचा आनंद त्यांना घरापर्यंत पुरला.

घरी येताच त्यांनी बायकोला, सुखवंताबाईंना, सांगून टाकलं, "लखनच्या लगनात कोनालेच नेग नाही. काय द्याचं ते पयलेच बोलून द्याचं, चांगलं भरपूर द्याचं, पन वरचं काही नाही."

"नेगाबिगर लगन होते काय जी?" सुखवंताबाई म्हणाल्या. "ते काही मजुरी नोहे, आनंदाचं देनं आहे."

"मंग आनंदाचा भाव बी आताच ठरवून टाकतो," पटेल म्हणाले.

आणि खरंच ठरवायला बसले. डोलीच्या भोयांचा म्होरक्या होता नवेगाव बांधचा मंगरू. एरवी तळ्यावर मासे धरायचा आणि लगनसराईत डोली वाहायचा, मोठा शांत माणूस. पटेलांनी ओसरीवर पंच बसवले आणि बोली केली. जाताना सौंदडच्या जानवशावर नवरदेवाला उचलायचं आणि मुलीच्या मांडवाच्या दारापर्यंत आणायचं. येताना नवरीला गोरेगावच्या स्टेशनावरून या दारापर्यंत तसंच. मजुरी इतरांपेक्षा दीडपट, तीही आगाऊ.

"पन एक सांगून ठेवतो मंगरू, बोललो तेवढंच. त्याच्यावर काही मांगाचं नाही."

"उचलाचं आन दारापावतर आनाचं," मंगरूनं बोटांवर मोजल्यासारखं केलं. "अजून काही काम जी?"

"अजून काहीच नाही!" पटेल गरजले. पंचांनी माना हलवल्या.

गोंदियाचा वाजंत्रीवाला छोटेलाल आला होता, त्याच्याशीही तसंच ठरलं. नवरदेव मांडवात पोचेपर्यंत वाजवायचं. त्यानंतर काय, असं छोटेलालनं विचारलं तेव्हा पटेल त्याच्यावरही गरजले.

लग्नाच्या दिवशी छोट्या रेल्वेगाडीनं वरात सौंदडला उतरली. ऊन रखरखत होतं, म्हणून लखनलालनं जानवशावर कैरीचं पन्हं मनसोक्त ढोसलं. सांजावताना तो डोलीत बसला, वाजंत्री सुरू झाली, आणि वरात थेट मांडवाच्या दाराशी आली. दारात नवरीची आई जमुनाबाई आरती घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर तांदळाच्या पिठाचा चौक भरला होता. डोली त्या चौकावर टेकायची, सासूनं नवरदेवाचे पाय धुवायचे, आणि मगच त्यानं जमिनीला पाय लावायचा, अशी तिकडची रीत. मुहूर्त गोरजेचा होता, म्हणजे गाई रानातून परतायच्या वेळेचा.

भोई चौकावर आले आणि थांबले. डोली जमिनीपासून हातभर वर लटकत राहिली.

"ठेवा ना खाली," पटेल म्हणाले.

"खाली ठेवाचं बोलनं नोतं झालं जी," मंगरू म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा औषधालाही नव्हता. "उचलाचं आन आनाचं. उचललो, आनलो."

"अरे, मंग ठेवलं तं काय होते?"

"ते वरचं होते. तुमाले वरचं चालत नाही."

पटेलांना काही सुचेना, कारण कानाशी डफडं बडवलं जात होतं. "ए छोटेलाल, बंद कर ते!"

"दूल्हा पहुँचने तक बजाना तय हुआ था, पटेल साहब," छोटेलालनं डोलीकडे बोट केलं. "पहुँचा कहाँ? अभी तो हवा में है." आणि त्यानं सनईवाल्याला आणखी जोरात फुंकायची खूण केली.

पटेलही हट्टाला पेटले. खुर्ची मागवून ते डोलीसमोर ठाण मांडून बसले. खांदे भरून आले की ठेवतील झक मारत, असा त्यांचा हिशेब. पण दीडपट मजुरीच्या तोऱ्यात त्यांनी स्वतःच दुप्पट भोई सांगितले होते. अर्धे खांदा देत, अर्धे ओट्यावर बसून जमुनाबाईंच्या घरचं पन्हं पीत, आणि मग खुशाल अदलाबदल करत.

मग पटेलांना युक्ती सुचली. डोली खाली येत नाही तर जमीन वर न्यावी! त्यांनी बाज आणवली आणि गुपचूप डोलीखाली सरकवली. बाज खाली शिरताच भोयांनी दांडा खांद्यावरून उचलून डोक्यावर धरला. आत लखनलालचं डोकं दांड्याला आपटलं आणि फेटा नाकावर आला.

"बाबूजी, मी उडी मारतो!" तो ओरडला.

"मारून तं पाहा!" जमुनाबाई आरतीसकट पुढे आल्या. "पाय धुयाच्या आंधी जमिनीले पाय लागला, तं माही कुंता घरातच राहीन. असा अपशकुनी जवाई मले नोको."

"मंग लवकर करा ना! मले जाचं आहे!"

"कुठं जाचं आहे बे?" पटेल खेकसले.

नेमका त्याच वेळी छोटेलालनं गाणं बदलायला दम घेतला होता. त्यामुळे लखनलालनं कुठं जायचं आहे ते सांगितलं, तेव्हा सगळ्या मांडवानं ऐकलं. आतल्या खोलीत कुंताच्या मैत्रिणी तोंडात पदर कोंबून हसू लागल्या.

तेवढ्यात गळ्यातल्या घंटा वाजवत गाई आल्या. गल्ली तर डोलीनं आणि वाजंत्रीनं तुंबलेली. गाई वऱ्हाडात घुसल्या, आणि एक तांबडी गाय डोलीची झेंडूची माळ शांतपणे खाऊ लागली. भटजी हात चोळत आले. "पटेल, गोरज आली. ही वेळ गेली तर पुढला मुहूर्त थेट पुढच्या महिन्यात."

पटेलांच्या कपाळावर घाम फुटला. महिनाभर हे पोरगं हवेत राहणार की काय!

तेव्हा जमुनाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "राहू द्या इवाईजी. तुमच्यापाशी नसन तं आमी देतो नेग."

ते मात्र काळजाला लागलं. पोराच्या डोलीचं नेग पोरीच्या आईनं द्यायचं? पटेल ताडकन उठले, कमरेच्या पिशवीतून हाताला आले तेवढे रुपये काढले आणि मंगरूसमोर धरले.

"घे! ठेव खाली!"

मंगरूनं हात पुढे केला नाही. "असं नाही जी. हा तं दंड भरल्यावानी झाला. नेग हासून देतेत. रागाचं नेग आमच्या बापजाद्यांनी घेतलं नाही."

"हासून?" पटेलांचा आवाज चिरकला. "ते काऊन?"

"हासनं त्याच्यातच असते. वेगळं मांगत नाही."

पटेल हसले. म्हणजे ओठ बाजूला झाले आणि दात दिसले. पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल ते पाहून भोकाड पसरून रडू लागलं. मंगरूनं मान हलवली.

"अजून थोडं जी."

"बाबूजी, हासा ना!" डोलीतून लखनलाल कळवळून म्हणाला. "तुमच्या पाया पडतो, लवकर हासा!"

पटेलांनी पोराकडे पाहिलं. फेटा नाकावर, कपाळावर टेंगूळ, मांड्या एकमेकींत घट्ट आवळलेल्या, आणि खांद्याशी झेंडू चावणारं गाईचं तोंड. पटेलांच्या नाकातून एकदाच 'फुर्र' झालं.

"चालन," मंगरू म्हणाला, आणि डोली चौकावर अलगद टेकली. जमुनाबाईंनी पाय धुतले न धुतले तोच नवरदेव गोठ्यामागे पळाला. भटजींनी गाईंना दोन घटका गल्लीतच अडवून गोरज लांबवली, आणि लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी वरात परतली. गोरेगावहून कुंताची डोली पटेलांच्या दाराशी आली, आणि भोयांनी ती न सांगताच खाली ठेवली. पटेलांनी सुस्कारा सोडला. सुखवंताबाई आरती घेऊन उभ्या होत्या. पण नवरी काही उतरेना.

"आता काय झालं?" पटेल धास्तावून म्हणाले.

पडद्याआडून बारीक, लाजरा आवाज आला. "बाबूजी, बोलनं दारापावतर याचं झालं होतं. उतराचं नोतं."

पटेल आ वासून उभे राहिले. लखनलालनं डोळे मिटून घेतले. मग पटेलांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि त्यांना असं हसू फुटलं की ते उंबऱ्यावरच बसले. हसता हसता त्यांनी दुभती म्हैस सुनेच्या नावानं करून टाकली, म्हशीमागोमाग तिची पारडीही दिली, आणि सुखवंताबाईंनी दंडाला धरलं म्हणून बैलजोडी वाचली. कुंता खाली उतरली.

मंगरू खांद्यावरचं फडकं झटकत पुढे आला. "पटेल जी, हे हासनं बोलीतलं का वरचं?"

"वरचं रे बाबा," पटेल डोळे पुसत म्हणाले, "वरचं."